अल्पसंख्याक शाळेत सर्वात सीनियर शिक्षिकेला डावलून दुसरा मुख्याध्यापक नेमता येतो का?

मॅडम, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही मुंबईजवळच्या एका ख्रिश्चन संस्थेच्या अनुदानित हायस्कूलमध्ये २४ वर्षं शिकवताय, सेवाज्येष्ठता यादीत पहिलं नाव तुमचं, शेवटची तीन वर्षं पर्यवेक्षक. आधीच्या मुख्याध्यापिका रिटायर झाल्यावर सात महिने चार्ज तुमच्याकडे होता, सह्यांचे अधिकारही मिळाले होते. आणि आता संस्थेने त्यांच्याच नाशिककडच्या शाळेतून, सर्व्हिसमध्ये तुमच्यापेक्षा नऊ वर्षांनी ज्युनियर असलेल्या एका सिस्टरना (म्हणजे नन असलेल्या शिक्षिकेला) आणून त्या खुर्चीत बसवलं. हे कायद्यात बसतं का, आणि मी कॅथलिक नाही म्हणून हे केलं असेल तर कोर्ट काही करेल का, असं तुम्ही विचारलंय.

बसतं. बहुतेक वेळा बसतं. हे आधीच सांगून टाकतो कारण वकील लोक पहिल्या मीटिंगमध्ये हे सांगत नाहीत, फी घेऊन तीन तारखांनंतर सांगतात. मी स्वतः वकील म्हणून सव्वीस वर्षं स्कूल ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांची अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, उभा राहिलोय, शिक्षकांच्या बाजूनेही आणि संस्थांच्या बाजूनेही, त्यामुळे दोघांचाही राग सहन केलेला आहे. पण "बहुतेक वेळा" म्हटलंय त्यात बरंच काही दडलेलं आहे, ते सविस्तर सांगतो.

साध्या शाळेत, म्हणजे जी अल्पसंख्याक नाही अशा खाजगी शाळेत, तुमची केस सोपी होती. आपला १९७७ चा कायदा आहे ना, महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी सेवाशर्ती कायदा, ज्याला सगळे एमईपीएस म्हणतात, त्याच्या १९८१ च्या नियमावलीतला नियम ३ सांगतो की मुख्याध्यापकाचं पद संस्थेने सर्वात सीनियर, पात्रता पूर्ण केलेल्या आणि ज्याचा सेवेचा रेकॉर्ड समाधानकारक आहे अशा शिक्षकाला द्यायचं. सीनियॉरिटी अनुसूची फ प्रमाणे. डावललं तर कलम ९ खाली ट्रिब्युनलमध्ये अपील, तीस दिवसांत. अशा केसेसमध्ये भांडण मुख्यतः "बीएड आधी कुणाचं झालं" आणि "रेकॉर्ड समाधानकारक नाही म्हणजे नक्की काय" एवढ्यावरच चालतं.

पण त्याच कायद्याचं कलम ३, पोटकलम २ वाचा. लोक ते वाचतच नाहीत, अगदी शाळेचे क्लार्क ज्यांना सगळे जीआर तोंडपाठ असतात तेही वाचत नाहीत. तिथे स्पष्ट म्हटलंय की अल्पसंख्याक शाळेच्या प्रमुखाच्या भरतीला, आणि ज्यांची नावं संस्थेने संचालक किंवा उपसंचालकांना कळवली आहेत अशा आणखी जास्तीत जास्त तीन व्यक्तींच्या भरतीला, हा कायदा लागू नाही. म्हणजे सीनियॉरिटीचा तो नियम ३, ज्यावर तुमचा सगळा हक्क उभा आहे, तोच तुमच्या शाळेच्या दारात थांबतो. हे कुणा अधिकाऱ्याने मेहेरबानी म्हणून दिलेलं नाही, विधिमंडळाने १९७७ मध्येच लिहून ठेवलंय, कारण त्यांना माहीत होतं की नाही लिहिलं तर सुप्रीम कोर्ट कलम ३० खाली ते पाडेल.

आता हे कलम ३० काय भानगड आहे ते बघा. घटनेचं कलम ३०(१) म्हणतं की धर्मावर किंवा भाषेवर आधारित सगळ्या अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. "चालवण्याचा" या शब्दावर गेली जवळपास सत्तर वर्षं भांडण चालू आहे, आणि त्यातलं बरंचसं केरळमधून आलेलं आहे. १९५७ ला तिथे नंबुद्रिपादांचं कम्युनिस्ट सरकार आलं, शिक्षणमंत्री जोसेफ मुंडश्शेरी यांनी शिक्षण विधेयक आणलं, त्यात अनुदानित शाळांचे शिक्षक लोकसेवा आयोगाच्या यादीतून घ्यायचे अशी तरतूद होती. चर्च आणि नायर समाजाच्या संस्था रस्त्यावर उतरल्या, राष्ट्रपतींनी विधेयक सुप्रीम कोर्टाकडे मत मागायला पाठवलं, आणि मे १९५८ ला कोर्टाने ते प्रसिद्ध वाक्य सांगितलं ज्याचा अर्थ असा की कारभार करण्याच्या हक्कात गैरकारभार करण्याचा हक्क येत नाही. गंमत म्हणजे शिक्षकांच्या निवडीची ती तरतूद त्यावेळी कोर्टाने पाडली नाही, हक्काच्या उल्लंघनाच्या अगदी काठावर आहे म्हणत म्हणत चालवून घेतली. पुढच्या वर्षी, १९५९ मध्ये, ते सरकारच बरखास्त झालं.

मुख्याध्यापकाबद्दलचा खरा विचार १९६० च्या दशकात केरळ हायकोर्टाच्या फुल बेंचने केला. त्या निकालातला मुद्दा आजही प्रत्येक वकील पुढे करतो: शाळेचा सगळा सूर, शिस्त, तिची परंपरा हे मुख्याध्यापकाभोवती फिरतं, तेव्हा तो निवडण्याचा हक्क हा कारभाराच्या हक्काचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. आणि विचार करा, हे खरंच आहे. शिक्षक चाळीस असतात, एखादा संस्थेच्या विचाराचा नसला तरी चालतं, पण प्रार्थना कोणती, ख्रिसमसला किंवा ईदला शाळेत काय होणार, कुठल्या पोराची फी माफ करायची, कुणाला दुसरी संधी द्यायची, हे रोज सकाळी सात वाजता एकच माणूस ठरवतो.

१९७४ ला अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या केसमध्ये नऊ न्यायाधीश बसले, तिथून हे तत्त्व आणखी पक्कं झालं. मग १९९८ ची एमजे हायस्कूलची केस, तीही केरळची. तिथे सुप्रीम कोर्टाने दोन गोष्टी सांगितल्या ज्या तुमच्या कामाच्या आहेत (आणि तुमच्या विरोधातल्या आहेत, सॉरी). एक, संस्था पात्र माणूस बाहेरूनही आणू शकते, आतल्या सीनियर शिक्षकाला डावलून. दोन, अल्पसंख्याक दर्जाचं सर्टिफिकेट उशिरा मिळालं म्हणून दर्जा त्या दिवसापासून सुरू होत नाही, सर्टिफिकेट फक्त आधीपासून असलेली गोष्ट मान्य करतं. म्हणजे "नेमणुकीच्या वेळी यांच्याकडे सर्टिफिकेट नव्हतं" हा शिक्षकांचा आवडता मुद्दा बहुतेक वेळा चालत नाही.

आणि मग २००६ चा मलंकारा सीरियन कॅथॉलिक कॉलेजचा निकाल, ज्यावर संस्थांचे वकील झोपतात आणि उठतात. केरळ विद्यापीठ कायद्यात होतं की अनुदानित कॉलेजचा प्रिन्सिपल सीनियॉरिटी आणि योग्यता पाहूनच नेमायचा. कोर्ट म्हणालं, अल्पसंख्याक कॉलेजला हे लागू नाही, सरकारचं अनुदान घेत असली तरी नाही. सरकार किमान पात्रता ठरवू शकतं, डिग्री, अनुभव वगैरे, पण पात्र लोकांतून कोण, हे संस्था ठरवणार, आणि तोच का, हा का नाही, यात कोर्ट शिरणार नाही. तुमची सिस्टर बीएड आहे, शिकवण्याचा पाच वर्षांच्या वर अनुभव आहे, असं तुम्हीच लिहिलंय. मग पात्रतेचा दरवाजा बंद झाला.

"मी कॅथलिक नाही म्हणून" याबद्दल थोडं कडू बोलतो. असेल तसं, अगदी शंभर टक्के तसंच असेल. पण संस्थेने स्वतःच्या समाजातला, स्वतःच्या व्रतातला माणूस प्रमुख म्हणून घ्यावा हेच तर या हक्काचं पोट आहे, त्यात कोर्टाला भेदभाव दिसत नाही. उद्या गुजराती समाजाच्या शाळेने गुजराती प्रिन्सिपल घेतला किंवा अंजुमनच्या शाळेने मुस्लिम मुख्याध्यापक घेतला तर तोच न्याय. आणि आपल्याकडे ज्यांना हे खुपतं त्यांना मी एक आठवण करून देतो, २००२ च्या टीएमए पै निकालात अकरा न्यायाधीशांनी सांगितलंय की अल्पसंख्याक कोण हे राज्यनिहाय बघायचं. म्हणजे बेळगावात मराठी माणसाने काढलेली मराठी शाळा कर्नाटकात भाषिक अल्पसंख्याक ठरू शकते, आणि तिथे कानडी सीनियर शिक्षकाला बाजूला ठेवून मराठी मुख्याध्यापक नेमला तर आपण टाळ्याच वाजवू ना. १९७१ ला पंजाबात आर्य समाजाच्या डीएव्ही संस्थांनाही असंच संरक्षण मिळालं होतं, हिंदू असून, कारण पंजाबात ते अल्पसंख्य होते.

इथपर्यंत वाचून तुम्ही फोन बंद केला असेल तर थांबा, कारण आता गोवा येतो.

२०१७ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या केसमध्ये निकाल दिला. चर्चशी संबंधित अल्पसंख्याक संस्थेची शाळा, प्रमुखपदासाठी सीनियर असूनही डावललं, हायकोर्टाने मलंकाराचा आधार घेऊन त्यांची याचिका फेटाळली. सुप्रीम कोर्टाने मलंकारा खोडून काढला नाही, संस्थेचा निवडीचा हक्क मान्यच केला, पण म्हणालं की स्वायत्तता आहे म्हणून न्याय्य आणि पारदर्शक वागण्याची जबाबदारी संपत नाही, निवडीची प्रक्रिया रास्त होती की मनमानी हे हायकोर्ट तपासू शकतं, आणि नागरिकाची तक्रार फक्त "आमचा हक्क आहे" एवढ्यावर उडवता येत नाही. केस परत हायकोर्टाकडे पाठवली.

हा निकाल लहान आहे, काही पानांचा, पण माझ्या मते तुमच्या हातात फक्त हाच आहे. फरक नीट समजून घ्या. "मी सीनियर आहे म्हणून मला द्या" असं म्हणालात तर हराल. "माझा विचारच केला नाही, निकष काय होते सांगितलं नाही, कमिटी बसलीच नाही, ठराव मागाहून लिहिला" असं दाखवू शकलात तर तुमचं ऐकून घेतलं जाईल. जिंकल्यावरही खुर्ची मिळत नाही हो, मिळते ती नव्याने निवड, त्यात संस्था पुन्हा त्याच सिस्टरना निवडू शकते आणि यावेळी कागद नीट ठेवेल.

आणि कागद हाच तर सगळा खेळ आहे. एका ट्रस्टच्या शाळेची केस मी संस्थेच्या बाजूने लढलो आणि हरलो, हक्क पूर्ण आमच्याकडे असून हरलो. नेमणुकीच्या ऑर्डरवर ४ जूनची तारीख आणि ज्या मीटिंगमध्ये नेमणूक ठरली त्या मीटिंगची १९ जून. सेक्रेटरी म्हणाले टायपिंग मिस्टेक. मग विरोधी वकिलाने मीटिंगची नोटीस मागितली, ती पाठवलीच नव्हती. प्रोसीडिंग बुकात मधली दोन पानं कोरी सोडलेली आणि नंतर वेगळ्या शाईने भरलेली. माझ्या क्लायंटला वाटत होतं कलम ३० म्हणजे छत्री आहे, उघडली की पाऊस लागत नाही.

अजून एक गोष्ट लोक विसरतात की हक्क हा संस्थेचा आहे, म्हणजे सोसायटीचा किंवा ट्रस्टचा, एकट्या चेअरमनचा नाही, फादरचा नाही, सेक्रेटरीचा तर अजिबात नाही. महाराष्ट्रात किती ट्रस्टमध्ये दोन गट असतात हे तुम्हाला सांगायला नको, चॅरिटी कमिशनरकडे चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद) वर्षानुवर्षं पडलेला, दोन्ही गटांचे सेक्रेटरी, दोघांनी आपापला मुख्याध्यापक नेमलेला, दोघांचे प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावर. शिक्षणाधिकारी बिचारा काय करणार, तो तिसऱ्यालाच सह्यांचे अधिकार देतो म्हणजे निदान पगार तरी निघतात. तुमच्या संस्थेत असं काही आहे का हे आधी बघा. संस्थेच्या घटनेत किंवा नियमावलीत मुख्याध्यापक नेमण्याचा अधिकार कुणाला दिलाय, कोरम किती, ते वाचा.

सात महिने चार्ज होता याने काही हक्क तयार होत नाही, हेही सांगून ठेवतो. प्रभारी म्हणजे प्रभारीच. हां, त्या काळात तुमच्या कामाबद्दल काही लेखी कौतुक असेल किंवा त्याउलट एकही मेमो नसेल तर प्रक्रियेच्या मुद्द्यात ते उपयोगी पडतं, कारण संस्थेला विचारता येतं की मग हिचा विचार न करण्याचं कारण काय.

दुसरीकडे संस्थाचालक वाचत असतील तर त्यांच्यासाठी. ३(२) मधला शब्द "भरती" आहे, त्याच्या पलीकडे ते कलम जात नाही. एका शाळेत व्यवस्थापनाने स्वतः हौसेने निवडलेल्या मॅडमना दीड वर्षाने एका ओळीचं पत्र दिलं, आमचा तुमच्यावर विश्वास राहिला नाही, उद्यापासून येऊ नका. त्यांना मनापासून वाटत होतं की निवडायचा हक्क आहे म्हणजे काढायचाही आहे. मी त्या मॅडमकडून उभा होतो. एकदा नेमणूक झाली की सेवासंरक्षण सगळ्यांना सारखं, आरोपपत्र द्या, नियम ३६ प्रमाणे चौकशी समिती नेमा, आणि प्रमुखाच्या चौकशीत तर संस्थेचा अध्यक्ष स्वतः, एक सदस्य त्या मुख्याध्यापकाने सुचवलेला, आणि एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त मुख्याध्यापकांच्या यादीतला, अशी तिघांची समिती लागते. सुप्रीम कोर्टाने १९८६ लाच दिल्लीच्या फ्रँक अँथनी स्कूलच्या केसमध्ये सांगितलंय की शिक्षकांच्या सेवेला संरक्षण देणारे नियम अल्पसंख्याक शाळेला लागू केल्याने कलम ३० मोडत नाही. त्या मॅडम परत कामावर आल्या, मागच्या पगारासकट.

वारं कुठे वाहतंय असं विचाराल तर, थोडं उलटं वाहतंय. जानेवारी २०२० ला पश्चिम बंगालच्या मदरशांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने मदरसा सर्व्हिस कमिशनचा २००८ चा कायदा वैध ठरवला, म्हणजे अनुदानित मदरशांत शिक्षक कोण हे कमिशन सुचवणार. कोर्टाचा युक्तिवाद असा की गणित, विज्ञान यांसारखे विषय शिकवायला सगळ्यात गुणी माणूस मिळणं हे देशाच्या हिताचं, धर्म किंवा भाषा जपण्याशी जे थेट संबंधित आहे तिथे संस्थेला जास्त मोकळीक. मला स्वतःला तो निकाल नऊ आणि अकरा न्यायाधीशांच्या जुन्या निकालांशी जुळवून वाचायला जड जातो, दोन न्यायाधीशांचा आहे तो. पण आहे. मात्र त्यावर उडी मारू नका, कारण तिथे राज्याने कायदा करून कमिशन बसवलं होतं, आणि आपल्याकडे राज्याचा कायदा तर उलट ३(२) ने संस्थेलाच मोकळीक देतो. १ सप्टेंबर २०२५ च्या टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) निकालातही, ज्यात पदोन्नतीलाही टीईटी लागेल असं म्हटलंय, अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न सरन्यायाधीशांकडे पाठवला. तुमची शाळा पाचवी ते दहावी आहे, त्यामुळे तो विषय कधीतरी तुमच्या स्टाफरूममध्ये येणार, पण आजच्या भांडणात तो आणू नका, गुंता होईल.

आता करायचं काय. शिक्षणाधिकारी माध्यमिक यांच्या ऑफिसात माहिती अधिकाराचा अर्ज टाका, शाळेतही टाका. मागायचं हे: अल्पसंख्याक दर्जाचं सर्टिफिकेट, राष्ट्रीय आयोगाचं असो की राज्याच्या अल्पसंख्याक विभागाचं, नेमणुकीचा ठराव आणि त्या मीटिंगची नोटीस, सिस्टरच्या मान्यतेचा पूर्ण प्रस्ताव जोडपत्रांसकट, ३(२) खाली संस्थेने वरिष्ठ ऑफिसला काही कळवलं असेल तर ते पत्र, आणि दोन्ही शाळांची सेवाज्येष्ठता यादी. सर्टिफिकेट कुणाच्या नावावर आहे ते डोळ्यात तेल घालून बघा. मी एका केसमध्ये पाहिलंय की सर्टिफिकेट एका ट्रस्टचं आणि शाळा चालवणारी सोसायटी वेगळीच, पत्ता तोच, लेटरहेडही जवळपास तेच. असं निघालं तर ३(२) बाजूला पडू शकतं, आणि मग तुम्ही साध्या शाळेतल्या शिक्षिका, नियम ३ सगळा तुमचा.

पण माहिती यायची वाट बघत बसू नका. माहितीला तीस दिवस आणि अपीललाही तीसच दिवस, दोन्ही एकत्र संपतात आणि लोक इथेच फसतात. ट्रिब्युनलमध्ये कलम ९ खाली डावलल्याचं अपील आधी दाखल करून टाका, संस्थेचा वकील पहिल्याच तारखेला ३(२) पुढे करेल, करू दे. त्यावर तुमचं उत्तर दोन पायांवर उभं राहील, एक म्हणजे अल्पसंख्याक दर्जा सिद्ध करा, आणि दुसरं प्रक्रिया. ट्रिब्युनलने हात वर केले तर गोव्याच्या निकालाचा आधार घेऊन हायकोर्टात रिट याचिका, पण रिटचा खर्च, वेळ आणि तुमची उरलेली सर्व्हिस याचा हिशोब आधी घरी बसून करा. तुम्ही ५४ च्या आहात, म्हणजे हातात चार वर्षं. रिटला किती लागतील याची मी खात्री देणार नाही.

आणि तोपर्यंत शाळेत सिस्टरशी भांडू नका, त्यांच्या सहीचं रजिस्टर अडवू नका, चार्ज लेखी यादी करून द्या, "हक्क राखून" असं लिहून खाली सही करा आणि पोच घ्या. चार्ज द्यायला नकार दिला तर तोच तुमच्याविरुद्ध पहिला मेमो होईल.

तुम्हाला मिळालेल्या पत्रावर १२ तारीख आहे असं लिहिलंय. आज २९. म्हणजे तुमच्याकडे तेरा दिवस आहेत, त्यातले दोन रविवार, आणि शेवटचा दिवस सुट्टीचा नाही ना ते कॅलेंडरमध्ये बघून घ्या.